पत्रिकेचा बॅकअप

— शून्य टक्के —

सुदाम मास्तरांच्या लॅपटॉपवर सोमवारी सकाळी एक चौकोन उगवला. आतला मजकूर इंग्रजीत होता. मास्तरांनी तो घरातल्यांसाठी मराठीत वाचून दाखवला:

'नवी आवृत्ती तयार आहे. ती घेण्यापूर्वी आपण आपल्या व्हर्च्युअल मशीनचा बॅकअप घ्यावा, ही नम्र विनंती.'

नम्र विनंती मूळ मजकुरात नव्हती. ती मास्तरांनी पदरची घातली. लग्नघर होतं, आणि त्या दिवसांत त्यांच्या तोंडातून बाहेर पडणारं प्रत्येक वाक्य नम्र विनंतीवरच संपत होतं. दूधवाल्यालाही त्यांनी उद्या जास्तीचं दूध घालण्याची नम्र विनंती केली होती आणि तो घाबरून गेला होता.

मास्तर सेनगावच्या एका शाळेत संगणक शिकवतात. 'बॅकअपचे महत्त्व पाच वाक्यांत लिहा' हा प्रश्न ते दरवर्षी पेपरात टाकतात, आणि दरवर्षी पोरं त्याचं उत्तर शेजारच्याच्या पेपरातून घेतात, जे एका अर्थी बॅकअपच आहे.

आता व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय, ते सांगावंच लागेल. सगळी गोष्ट त्याच्यावर चढून बसणार आहे.

मास्तरांनी तरुणपणी शाळा सुटल्यावर लग्नपत्रिका जुळवायचं काम केलं होतं. तेव्हाचं मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर फक्त एक्सपीच्या काळातल्या जुन्या कॉम्प्युटरवर चालायचं. नव्या लॅपटॉपला ते दाखवलं की तो तोंड फिरवायचा. म्हणून मास्तरांनी लॅपटॉपच्या आत एक खोटा कॉम्प्युटर वसवला होता. बाहेर नवा, त्याच्या पोटात जुना. जुन्याला वाटायचं, आपण अजून आपल्याच काळात आहोत, आणि नवा त्याचा गैरसमज दूर करण्याच्या भानगडीत पडायचा नाही. मास्तरांनी हे सगळं पत्नीला, संगिताबाईंना, एकदा फळा वापरून समजावलं होतं.

"म्हंजी हिला दिवस गेलेत म्हना की," संगिताबाई म्हणाल्या होत्या.

मास्तरांना उपमा आवडली नाही. पण त्याहून चांगली त्यांनाही सुचेना, म्हणून नववीच्या वर्गात त्यांनी तीच वापरली. त्यावर मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. तो विषय वेगळा.

— अजून शून्यच —

(पट्टी हलत नाही. तोवर या मशीनच्या पोटात काय होतं ते बघून घेऊ.)

पोटात आकांक्षाची लग्नपत्रिका होती. आकांक्षा मास्तरांची लेक.

पत्रिका म्हणजे वधूवरांची नावं, तारीख आणि ठिकाण, असं ज्यांना वाटतं त्यांच्या घरात अजून लग्न निघालेलं नाही. तेवढं तर आकांक्षानं चहा उकळेपर्यंत फोनवर करून दाखवलं होतं. पत्रिका म्हणजे 'आपले विनीत' या दोन शब्दांच्या खालचा प्रदेश. तिथं कोण कोणाच्या वर बसतो, कोण जाड अक्षरात आणि कोण बारीक, यावरून आमच्याकडे बोलणं बंद होतं, बांधाला बांध असलेली माणसं वेगवेगळ्या वाटेनं शेतात जातात.

मास्तरांचंही एक घर असंच तुटलं होतं. वडील लहानपणीच गेले. संतरामकाकांनी, म्हणजे चुलत्यांनी, सुदामला हट्ट्याला नेलं, वाढवलं, शिकवलं, नोकरीला लावलं. पुढं मास्तरांच्या धाकट्या भावाचं लग्न झालं तेव्हा पत्रिकेवर जिंतूरच्या मामांचं नाव काकांच्या वर पडलं. ओळ बसत नव्हती, एवढंच कारण होतं. पण छापलेल्या कागदाला कारण विचारत नाहीत. तेव्हापासून काका या घराची पायरी चढले नव्हते.

आणि काकांना आबा म्हणणाऱ्या आकांक्षानं आता सांगून टाकलं होतं, "हट्ट्याचे आबा आल्याबिगर मी हळद लावून घेनार न्हाई."

पोरगी हे चिडून म्हणाली असती तर समजूत घालता आली असती. ती भेंडी चिरता चिरता म्हणाली, म्हणून मास्तरांनी बोलणी सुरू केली. ती दिवाळीला सुरू झाली आणि तुरी काढणीला आल्या तेव्हा संपली. मामा काकांच्या खाली बसायला तयार झाले, पण जाड अक्षरात. नात्यातल्या हिंगोलीच्या नानांना उजवा रकाना पाहिजे होता. भावकीतल्या एकाला 'माजी सरपंच' हे नावाच्या मागं नको होतं, पुढं पाहिजे होतं. मास्तर लॅपटॉप पिशवीत घालून एस.टी.नं गावोगाव हिंडले. पडद्यावर दाखवलं, पण कागद कोणाच्या हातात दिला नाही. पेपर फुटतो तशी पत्रिका फुटली असती तर सगळं मुसळ केरात होतं. आकांक्षा पडद्याचा फोटो काढायला गेली तेव्हा त्यांनी तिच्या बोटासकट झाकण बंद केलं.

शेवटी हट्ट्याला काकांनी पडद्यावर बोट ठेवून वरून खालपर्यंत एकेक नाव वाचलं. बोट मामांच्या जाड अक्षरांवर बराच वेळ थांबलं. मग खाली सरकलं.

"बराबर हाय," काका म्हणाले. "छापून हातात येऊ दे. मंग येतो का न्हाई ते सांगतो."

राहता राहिलं छापणं. छापखान्याला फाईल पेनड्राइव्हवर हवी होती, आणि पोटातल्या कॉम्प्युटरला बाहेरचा पेनड्राइव्ह दिसेना. नवी आवृत्ती घेतली की दिसतो, असं इंटरनेटवर एक परदेशी माणूस सांगत होता. मास्तरांचा त्याच्यावर विश्वास बसला, कारण तो टाय लावून बोलत होता.

एक बारीकशी गोष्ट सांगायची राहिली. त्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये सेव्ह म्हटलं की ते अडकून बसायचं. म्हणून मास्तर पत्रिका सेव्ह करत नसत. ते अख्खा खोटा कॉम्प्युटरच झोपवत. झोपला की तो होता तसा गोठायचा, उठवला की उघडी पत्रिका जिथल्या तिथं. झोपवणं म्हणजेच सेव्ह, असं मास्तरांच्या मनात पक्कं बसलं होतं. पोरांना शिकवताना मात्र ते दर दहा मिनिटांनी सेव्ह करा असं सांगत.

— चार टक्के —

बॅकअपची बातमी गल्लीत गेली. शेजारचे गुलाबसिंग राठोड पहिले आले. हे एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. शेती तांड्यावर, घर सेनगावात आणि सकाळ मास्तरांच्या ओट्यावर.

"मास्तर, बॅकअप म्हंजी स्टेपनी ना?"

"तसंच काहीसं."

"मंग एक ऐका. स्टेपनी कधी आपल्या गाडीत ठेवू नका. माझ्या सगळ्या नोकरीत ज्या गाडीत स्टेपनी होती, तीच पंचर झाली. बिनस्टेपनीची गाडी बराबर पोचायची."

"अहो, ते योगायोगानं."

"योगायोग एकांदा होतो. मी पुरी नोकरी सांगून राहिलो." गुलाबसिंगांनी लॅपटॉपकडं जरा वाकून बघितलं. "आन सोमवारी काहून सुरू केलं? गुरुवारी करा. नवं काम गुरुवारी."

मास्तरांनी स्मितहास्य केलं. वैज्ञानिक दृष्टिकोन असलेला माणूस अशा वेळी करतो तसं. मग पेनड्राइव्ह लावला आणि खोटा कॉम्प्युटर त्यात ओतायला घेतला. पट्टी चार टक्क्यांवर गेली, थांबली, आणि नवा चौकोन आला: फाईल या पेनड्राइव्हसाठी फार मोठी आहे.

"सोमवार," गुलाबसिंग म्हणाले आणि चहा संपवून गेले.

— चार टक्के, शाळेत —

मोठी हार्डडिस्क शाळेत होती. संगणक कक्षाच्या कपाटात, कुलपात. मास्तर त्या कक्षाचे प्रमुख होते, पण किल्ली मुख्याध्यापकांकडं असायची, आणि डिस्क बाहेर न्यायची तर अर्ज लागायचा. अर्ज लिपिक हिरासिंग घेत.

"सर, प्रयोजन लिहा," हिरासिंग म्हणाले.

"बॅकअप."

"शालेय का खासगी?"

मास्तर अडखळले. खोटं बोलण्याची त्यांना सवय नव्हती आणि खरं बोलण्याची सोय नव्हती. "सामाजिक," ते म्हणाले.

"तसा रकाना न्हाई सर."

"मग शालेय लिहा."

"मंग शालेय कामाला डिस्क शाळेबाहेर काहून चालली, ते लिहावं लागंल."

अर्ज दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहिला गेला. तोवर मुख्याध्यापक किल्लीसह प्रशिक्षणाला हिंगोलीत गेलेले. दुसऱ्या दिवशी आले. अर्ज वाचून त्यांनी चष्मा काढला, आणि मास्तरांना वाटलं, आता नकार येणार. पण मुख्याध्यापकांचा आवाज एकदम घरगुती झाला.

"सुदामराव, पत्रिकेत शाळेचा काही उल्लेख आहे का?"

"नाही सर."

"नाही, म्हणजे माझ्या नावाचं काही नाही हो. पण संस्थेला बरं वाटतं."

मास्तर घरी आले, खोटा कॉम्प्युटर उठवला, पार तळाशी 'प्रमुख उपस्थिती' अशी ओळ घालून मुख्याध्यापकांना बसवलं, आणि कॉम्प्युटर पुन्हा झोपवला. हार्डडिस्क मिळाली. काकांनी बोट ठेवून वाचलेली पत्रिका आता तीच राहिली नव्हती. पण बदल खाली होता. वर नव्हता. आमच्याकडं भांडणं वरच्या बाजूला होतात.

— नव्याण्णव टक्के —

पट्टी चालू झाली. सव्वीस टक्क्यांवर वीज गेली, पुन्हा पहिल्यापासून. चाळीसवर मांजर वायरीवरून गेलं, पुन्हा पहिल्यापासून. मास्तरांनी मांजराला आणि संगिताबाईंना स्वयंपाकघरात बंद केलं. संगिताबाई आतून बऱ्याच गोष्टी बोलल्या, त्यांतली एकही मांजराला उद्देशून नव्हती. पट्टी नव्याण्णव टक्क्यांवर आली आणि तिथं बसली. नव्याण्णव आणि शंभर यांच्यामध्ये सेनगाव आणि हट्टा यांच्यामधलं अंतर असतं, हिंगोलीला आणि वसमतला गाडी बदलून.

आणि मग झालं. मास्तरांनी बाहेर येऊन स्वयंपाकघराचं दार उघडलं, हार्डडिस्क तळहातावर घेतली आणि तिच्यावर दोन बोटांनी टिचकी मारली.

"संगिता, आता जग बुडालं तरी हरकत नाही. पत्रिका ह्याच्यात आहे."

"छापलेली?"

"छापल्यासारखीच समज."

हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं.

— इथं गोष्ट झोपवू —

गुरुवार सकाळ. (गुरुवार हा निव्वळ योगायोग, असं मास्तरांचं म्हणणं.) मास्तर आंघोळ करून लॅपटॉपसमोर बसलेत. नवी आवृत्ती उतरली, बसली, एकदाही कुरकुरली नाही. मास्तरांनी खोट्या कॉम्प्युटरला उठवायचं बटण दाबलं आणि पडद्यावर चौकोन आला:

'हे मशीन जुन्या आवृत्तीत झोपलेले आहे. नव्या आवृत्तीत ते तसेच उठवता येत नाही. झोप टाकून द्यावी का?'

खाली दोन बटणं. 'टाकून द्या' आणि 'राहू द्या'. मास्तरांचं बोट पहिल्या बटणावर. बॅकअप आहे, हा विश्वास त्या बोटात उतरलेला.

गोष्ट इथं अशीच गोठवून आपण जरा बाहेर जाऊन येऊ. बोट तिथंच राहील.

त्याच दिवशी पहाटे गुलाबसिंगांच्या पत्नी शकुबाई संगिताबाईंना म्हणाल्या होत्या, "बाई, तुमी म्हनत होत्या ना, काका मानले तर पैली पत्रिका नागनाथाला?"

"व्हय, बोलले तर होते."

"मंग? काका मानले. देवाला दावायच्या आधी तुमी त्या शाळेच्या मोठ्या सरला तिच्यात बसवलं. पेनड्राइव न्हाई घेतला, लाइट गेली, मांजर आडवं आलं. अजून काय व्हायचं बाकी हाय?"

संगिताबाईंना हे इतकं सरळ पटलं की त्यांना स्वतःचाच राग आला. पहिली पत्रिका देवाला, मग माणसांना, हे त्यांच्या माहेरी लेकरालाही ठाऊक होतं. छापलेली अजून नव्हती, पण नवऱ्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं की छापल्यासारखीच समज, आणि पत्रिका ह्याच्यात आहे. नवरा संगणकाचा मास्तर. त्याच्यावर ह्या बाबतीत तरी विश्वास ठेवायला हरकत नव्हती.

दोघी पहिल्या जीपनं निघाल्या. निघताना संगिताबाईंनी न्हाणीच्या दाराशी सांगितलंही होतं, "आवो, देवाला पैली पत्रिका देऊन येते." आतून "हो, हो" आलं. अंगावर पाणी घेत असताना मास्तर कशालाही हो म्हणतात.

औंढ्याला गर्दी होती. दोघींनी देवळाच्या पायरीशी बसून हार्डडिस्क फडक्यातून काढली. संगिताबाईंनी कुंकू पाण्यात कालवलं आणि पत्रिकेला लावतात तसं चारी कोपऱ्यांना बोट लावलं. पत्रिकेला दुमडीचं तोंड असतं. हिलाही एका बाजूला बारीक तोंड होतं, वायर जायचं. तिथं त्यांनी जास्तच लावलं. वर हळदीच्या अक्षता. मग शकुबाईंनी तांब्यातलं थोडं पाणी शिंपडलं. दोघींनी हात जोडले.

संगिताबाईंनी मनात मागितलं ते एवढंच: काका येऊ देत.

— गोष्ट उठवू —

मास्तरांनी बटण दाबलं.

झोप टाकली गेली. खोटा कॉम्प्युटर पहिल्यापासून, हळू, खोकत खोकत उघडला. मास्तरांनी पत्रिका उघडली. ती उघडली, हेही नमूद केलं पाहिजे. पण ती दिवाळीआधीची होती, बोलणी सुरू व्हायच्या आधी एकदाच, कशीबशी सेव्ह झालेली. मास्तरांनी आरंभ म्हणून भावाच्या लग्नातली यादी जशीच्या तशी उतरवली होती. सगळ्यांत वर, ओळ छान भरून, जिंतूरचे मामा होते.

मास्तर घाबरले नाहीत. उलट त्यांना थोडा आनंदच झाला. 'बॅकअपचे महत्त्व' या प्रश्नाला आता सहावं वाक्य मिळणार होतं. ते उठले आणि कपाट उघडलं.

नंतर त्यांनी दुसरं कपाट उघडलं. मग गादी उचलली. मग आकांक्षाला हाक मारली.

"डिस्क? आई घेऊन गेली की. औंढ्याला."

"औंढ्याला कशाला?"

"पत्रिका द्यायला."

मास्तर खुर्चीवर बसले. खुर्ची तिथं होती, हे त्यांचं नशीब.

दुपारी संगिताबाई आल्या. चेहरा देवदर्शनाचा, हातात प्रसाद आणि फडक्यात डिस्क. मास्तरांनी फडकं सोडलं. वायर जायच्या तोंडात कुंकवाचा थर होता आणि त्यात दोन अक्षता उभ्या होत्या. त्यांनी टाचणीनं अक्षता काढल्या, फुंकर मारली, वायर लावली. डिस्कनं एक आवाज केला. त्याचं वर्णन गुलाबसिंगांनी बरोबर केलं, "खालच्या गेरात चढ चढून राहिली." मग तोही थांबला.

"तुमीच म्हनले व्हते, छापल्यासारखीच समज," संगिताबाई म्हणाल्या.

मास्तरांना खूप काही बोलायचं होतं. पण प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला त्यांचं स्वतःचंच वाक्य उभं होतं.

"स्टेपनी," गुलाबसिंग ओट्यावरून म्हणाले, कोणालाही उद्देशून नाही.

— पुन्हा शून्य —

पुन्हा जुळवायला काय लागतं, असं मास्तरांना आधी वाटलं. नावं तर पाठ होती. पण क्रम? त्यांनी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. काका वर, हे नक्की. मग मामा, जाड. मग नाना उजवीकडं. पण भावकीतले दोघं एका ओळीत होते की दोन? माजी सरपंचाच्या शेजारी बसायला कोण मानलं होतं आणि कोण मानलं नव्हतं? मास्तरांनी एकाला, फक्त एकाला, विचारण्यासाठी फोन केला.

फाईल गेली, ही बातमी त्यांनी फोन खाली ठेवेपर्यंत जिंतूरला पोचली होती. आणि फाईल गेली म्हणजे बोलणी पुन्हा उघडली, हा अर्थ सगळ्यांनी एकाच वेळी लावला.

आपले विनीत
(जिंतूरहून, फोनवर)
मामा. मग राहतील ते.

आपले विनीत
(हिंगोलीहून, व्हॉट्सॲपवर)
नाना, उजवीकडे. डावीकडे काहीच नको.

आपले विनीत
(भावकीतून, समक्ष)
माजी सरपंच. नाव नंतर टाका.

आपले विनीत
(शाळेतून, शिपायाबरोबर चिठ्ठी)
मुख्याध्यापक. सोबत हार्डडिस्क परत पाठवावी.

हार्डडिस्क परत गेली. हिरासिंगांनी ती उलटसुलट करून बघितली, नाकाशी नेली, आणि विचारलं, "सर, बिघाडाचं कारण काय लिहू?"

"देवदर्शन," मास्तर म्हणाले. त्या डिस्कबाबत शाळेच्या कागदावर त्यांनी पहिल्यांदाच खरं ते सांगितलं होतं. हिरासिंगांनी 'नैसर्गिक' असं लिहिलं.

हट्ट्याहून काहीच आलं नाही. फोन नाही, निरोप नाही. हट्ट्याला कळवायची हिंमत कोणात नव्हती, आणि मास्तरांत तर नव्हतीच. काकांच्या लेखी पत्रिका छापून येतच होती.

आकांक्षा त्यांच्याजवळ येऊन बसली. तिच्या हातात फोन होता, फोनवर तीच चहा उकळेपर्यंत केलेली पत्रिका.

"बाबा, नावंच नकोत."

"नावाशिवाय पत्रिका? लोक काय म्हणतील?"

"काय म्हनतील? कुनाच्या वर कुनी न्हाई."

"काका?"

"आबाच्याबी वर कुनी न्हाई मंग."

मास्तरांनी त्या पत्रिकेकडं पाहिलं. वधू, वर, तारीख, ठिकाण, आणि खाली रिकामं. तरुणपणी इतरांच्या नावांच्या ओळी बसवल्या, आणि स्वतःच्या लेकीच्या पत्रिकेला एक नाव नाही. त्यांनी एवढंच केलं की 'आपले विनीत' हे दोन शब्द काढू दिले नाहीत. ते शब्द काढले असते तर कागद सिनेमाच्या जाहिरातीसारखा दिसला असता. छापखानेवाल्यानं फोन करून विचारलं, "मास्तर, विनीतच्या खाली काही टाकायचं राहिलं का?"

"राहू द्या," मास्तर म्हणाले.

— हट्टा —

काका ओट्यावर बाजेवर बसले होते. मास्तरांनी पाया पडून पत्रिका दिली आणि बाजेच्या कडेवर, पडल्यासारखे बसले. आतून सखुबाई काकूंनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि दारात थांबल्या.

काकांनी पत्रिका लांब धरून वाचली. वधू. वर. तारीख. ठिकाण. मग बोट आपले विनीतवर आलं, खाली सरकलं, आणि सरकतच राहिलं. कागद संपला. त्यांनी पत्रिका उलटी केली. मागं गणपती होता.

"पडद्यावर होती ती कुठं गेली?"

"गेली, काका. बॅकअप घेतला होता. तो देवाला वाहिला गेला."

काकांनी पत्रिका पुन्हा सरळ केली. देवाला वाहिलेल्या वस्तूची चौकशी त्यांनी कधी केली नव्हती.

"माझं नाव?"

"न्हाई."

"नानाचं?"

"न्हाई."

"त्या जिंतूरवाल्याचं?"

"न्हाई, काका."

"बारीक अक्षरातबी न्हाई?"

"कुठंच न्हाई."

काकांनी पुन्हा एकदा खात्री करून घेतली. पत्रिका उन्हात धरून आरपारसुद्धा बघितली.

"तुझं?"

"माझंबी न्हाई."

"काहून? बाप हायेस ना पोरीचा."

याचं उत्तर मास्तरांनी हिंगोलीला गाडी बदलताना एक आणि वसमतला बदलताना एक, असं दोनदा तयार केलं होतं. ते आपल्या चपलांकडं बघत राहिले. काकू दारातून हलल्या नाहीत.

"पेन दे," काका म्हणाले.

मास्तरांच्या खिशात पेपर तपासायचा लाल पेन होता. काकांनी पत्रिका मांडीवर घेतली आणि आपले विनीतच्या खाली आपलं नाव लिहिलं, संतराम, या काठापासून त्या काठापर्यंत, प्रत्येक अक्षरावर जोर देत. लिहून झाल्यावर लांब धरून बघितलं. मग पुन्हा मांडीवर घेतली आणि खाली लिहिलं, 'चि. सुदाम'. टक्कल पडलेल्या, पुढच्या काही वर्षांत निवृत्त होणाऱ्या माणसाला चिरंजीव म्हणणारं आता जगात एवढंच एक माणूस होतं.

मास्तरांनी नाक ओढलं. आणि काही क्षण भान सुटलं असावं, कारण ते म्हणाले, "काका, खाली मामांचंबी..."

काकांनी पत्रिकेकडं पाहिलं. दोन नावांच्या खाली हातभर कागद रिकामा होता.

"जागा न्हाई," काका म्हणाले. त्यांनी पत्रिका घडी करून सदऱ्याच्या खिशात घातली, आणि पेनही. "हळद कवा हाय?"